घरदुरुस्तीचे दरपत्रक

पावसाळ्यापूर्वी जुन्या घराची दुरुस्ती काढावयाची म्हटली, की घरमालक दोनतीन कंत्राटदारांकडून दरपत्रके मागवितो, तळाची बेरीज पाहतो आणि जिची रक्कम कमी तिला पसंती देतो. पुढे कौले उतरून घर उघडे पडल्यावर जादा पैशांचा तंटा उभा राहतो, आणि अडलेल्या मालकाला ते मोजण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा तंट्याचे मूळ पुष्कळदा लबाडीपेक्षा न वाचलेल्या शब्दांत असते.

प्रथम पाहावयाचे ते हे, की दर कोणत्या पद्धतीचा आहे. 'उक्ते' काम म्हणजे ठरलेल्या कामाची एक ठोक रक्कम. येथे माप चुकल्याची झळ कंत्राटदाराला लागते. मात्र कामाचे वर्णन मोघम असेल, तर मालकाचे हे संरक्षण नाहीसे होते. 'बाबवार' पद्धतीत प्रत्येक कामाचा दर पक्का, परंतु बेरीज केवळ अंदाजाची. बिल प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे होते. रोजंदारीत काम लांबल्याचा भार मालकावर पडतो. जुन्या भिंतीच्या पोटात काय निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तेथे बाबवार दर न्याय्य; रंगकामासारख्या उघड दिसणाऱ्या कामास उक्ते सोयीचे.

दुसरी गोष्ट मापाची. वाळूचा ब्रास 100 घनफुटांचा, तर गिलाव्याचा 100 चौरस फुटांचा. 30 फूट लांब व 10 फूट उंच भिंतीच्या एका बाजूचा गिलावा 3 ब्रास भरतो. मात्र दारे-खिडक्या वजा करावयाच्या की नाहीत, हे आधीच लिहून घ्यावे. मोजमापाविषयीच्या भारतीय मानक 1200 प्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा गिलाव्यातून वजा होत नाही.

तिसरी गोष्ट, दरात काय येते आणि काय नाही. दर नुसत्या मजुरीचा की मालासह? परांची, पाणी व राडारोडा वाहून नेणे कोणाकडे? उतरलेल्या सागवानी तुळया व वासे कोणाचे? जुन्या वाड्यात या लाकडाची किंमत थोडीथोडकी नसते. 'नळकामासाठी धरलेली रक्कम' हा दर नव्हे; खर्च वाढला तर तीही वाढते. 'कर वेगळा' हे दोन शब्दही महाग पडतात. नोंदणीकृत कंत्राटदाराने मालासह केलेल्या दुरुस्तीवर वस्तू व सेवा कर सामान्यतः 18 टक्के असल्याने 1,00,000 रुपयांचे काम 1,18,000 रुपयांवर जाते.

म्हणून सर्व कंत्राटदारांना कामांची एकच यादी द्यावी, म्हणजे आकड्यांची तुलना खरी ठरते. जादा काम लेखी संमतीवाचून करू नये, अशी अट घालावी. आगाऊ रक्कम बेताची ठेवून पुढील हप्ते पुऱ्या झालेल्या कामाशी जोडावेत. छपराच्या कामात तर काही रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. कौलांची खरी परीक्षा तोच घेतो.