पोट साफ होत नाही? घरगुती उपाय कुठवर करायचे आणि डॉक्टरांकडे कधी जायचं?

२०१५ साली आलेल्या ‘पिकू’ चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी रंगवलेले भास्कोर बॅनर्जी बद्धकोष्ठतेबद्दल घरीदारी, अगदी जेवणाच्या टेबलावरही बोलतात. प्रेक्षक पोट धरून हसले. प्रत्यक्षात मात्र हा विषय घरातही दबक्या आवाजात निघतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातलं बोरी अरब घ्या किंवा विदर्भातलं दुसरं कुठलंही गाव. पोट साफ होत नसेल तर आधी चूर्ण, मग एरंडेल, मग मेडिकलमधून आणलेली गोळी आणि डॉक्टर सगळ्यात शेवटी, असाच क्रम बहुतेक घरांत असतो. बऱ्याचदा त्यात काही बिघडत नाही. पण काही वेळा याच उशिरामुळे मोठा आजार लपून राहतो. मग फरक ओळखायचा कसा?

बद्धकोष्ठता नेमकी कशाला म्हणायची?

रोज शौचाला झालंच पाहिजे, असा नियम नाही. दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा, एवढा फरक सामान्य मानला जातो. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होणं, खडा होणं, खूप कुंथावं लागणं किंवा जाऊन आल्यावरही पोट साफ झालं नाही असं वाटणं, ही बद्धकोष्ठतेची लक्षणं आहेत.

म्हणजे इतरांचं वेळापत्रक पाहण्यापेक्षा स्वतःच्या नेहमीच्या सवयीत बदल झाला आहे का, हे पाहणं महत्त्वाचं.

असं का होतं?

मोठं आतडं मळातलं पाणी शोषून घेतं. मळ जितका वेळ आत राहील, तितका तो कोरडा आणि कडक होत जातो. त्यामुळे पाणी कमी पिणं, जेवणात चोथा कमी असणं आणि आलेली भावना दाबून ठेवणं, या तीन गोष्टी नडतात.

कापूस वेचायला किंवा निंदणाला जाणाऱ्या बायांच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र येऊ शकतात. शेतात आडोसा नसतो, म्हणून पाणी कमी प्यायचं आणि घरी जाईपर्यंत थांबायचं. त्यात विदर्भाचा उन्हाळा, घामावाटे जाणारं पाणी वेगळंच. असं वारंवार झालं की आतड्याकडून येणारा इशाराही मंदावतो.

गोळ्यांमुळेही त्रास होतो का?

होतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, काही वेदनाशामकं, ॲसिडिटीची काही औषधं, रक्तदाबाच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या यांमुळे बद्धकोष्ठता होऊ शकते. थायरॉईडचं काम मंदावणं आणि मधुमेह हीसुद्धा कारणं असू शकतात.

गरोदरपणात सरकारी योजनेतून १८० दिवस लोहाच्या लाल गोळ्या दिल्या जातात. पोट साफ होत नाही म्हणून अनेकजणी त्या परस्पर बंद करतात. तसं करू नये. आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगितल्यास त्यावर उपाय निघतो. गोळी सोडल्यास रक्तक्षय मात्र वाढतो.

घरी काय करता येईल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाच्या आहारात दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ हवेत. त्यासाठी महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, मोड आलेली कडधान्यं, अंबाडी-मेथीसारख्या पालेभाज्या आणि पेरू चालतात. चोथा मात्र हळूहळू वाढवावा, एकदम वाढवल्यास पोट फुगतं. सोबत पुरेसं पाणी हवंच. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांना विचारावं.

खाल्ल्यानंतर आतड्याची हालचाल वाढते. म्हणून सकाळी चहा-नाश्त्यानंतर ठरावीक वेळी, मोबाईल बाहेर ठेवून बसावं. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्यावा.

रोज चूर्ण घेतलं तर चालतं का?

सगळी चूर्णं सारखी नसतात. इसबगोल पाणी धरून मळ मऊ करतं. ते भरपूर पाण्यासोबतच घ्यावं. बाजारातल्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते, ती आतड्याला चालना देते. अधूनमधून ठीक, पण महिनोन्‌महिने रोज घ्यावी लागत असेल तर कारण शोधायला हवं. गरोदरपणात एरंडेल किंवा कुठलंही जुलाबाचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

* दोन-तीन आठवडे उपाय करूनही फरक पडत नसेल
* शौचातून रक्त जात असेल किंवा डांबरासारखी काळी, चिकट शौच होत असेल (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, तरी विचारून खात्री करावी)
* कारण नसताना वजन घटत असेल, थकवा किंवा रक्तक्षय असेल
* पन्नाशीच्या आसपास सवय अचानक बदलली असेल
* जवळच्या नात्यात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल

रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असणार’ असं धरून अनेकजण भिंतीवरच्या जाहिराती पाहून उपचार घेतात. बहुतेकदा ती मूळव्याध किंवा फिशर असते, हे खरं. पण आतड्याच्या कॅन्सरमध्येही रक्त जातं आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. तपासणीशिवाय यातला फरक कळत नाही.

वाट पाहू नये अशी वेळ कोणती?

पोट फुगलंय, जोरात दुखतंय, उलट्या होताहेत आणि शौच तर नाहीच पण गॅसही सरत नाही, अशावेळी आतड्यात अडथळा असू शकतो. तेव्हा जुलाबाचं औषध अजिबात देऊ नये. १०८ वर फोन करून थेट रुग्णालय गाठावं.

लहान मुलं आणि म्हातारी माणसं

एकदा दुखलं की मूल शौच रोखून धरतं, त्यामुळे खडा वाढतो आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. अशा मुलांच्या चड्डीला थोडं थोडं लागतं. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांमध्येही अडकलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शौच झिरपते. दोन्ही वेळा घरच्यांना जुलाब वाटतात आणि उलटंच औषध दिलं जातं.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. पुढच्या तपासण्या लागल्यास बोरी अरब परिसरातल्या रुग्णांसाठी यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. जाताना सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि चूर्णाची डबीसुद्धा सोबत न्यावी. त्रास कधीपासून आहे आणि रक्त गेलं का, हे न लाजता सांगावं.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. उपचारांसाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)