सुट्टीच्या गावात शिकायला राहायचं म्हणजे काय?

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक प्रश्न हमखास येतो: "लोणावळ्याच्या कॉलेजला नंबर लागतोय, घेऊ का? तिथे तर काय, रोजच पिकनिक!" चार वर्षं कुसगावात खोली घेऊन मी शिकलोय, त्यामुळे आज यावरच बोलू.

आधी थोडं लांबून बघू. माझा एक मित्र स्पेनमधल्या मालागाला शिकायला गेला. भूमध्य समुद्राचा किनारा, वर्षाला साधारण 2900 तास ऊन. त्याचे फोटो बघून आम्ही जळायचो. पण त्याच्या खोलीचा करार सप्टेंबर ते जून एवढाच. का? तर उन्हाळ्यात तीच खोली पर्यटकांना कितीतरी महाग जाते. अशा शहरांत घरं पर्यटकांकडे वळल्यामुळे भाडी इतकी वाढली, की 2024 मध्ये मालागात लोक रस्त्यावर उतरले. बार्सिलोनाने तर 2028 पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने बंद करायचं ठरवलंय.

त्याचं ऊन, माझा पाऊस. गणित मात्र एकच. सुट्टीच्या गावाचं वेळापत्रक पाहुण्यांसाठी असतं, आपल्याला त्यातल्या उरलेल्या जागेत बसायचं असतं. हे आधी कळलं तर त्रास निम्मा होतो.

खोली घेताना

लोणावळ्यात शिकायला येणं नवीन नाही. स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम 1924 मध्ये सुरू केलं, नौदलाचे अभियंते 1945 पासून आयएनएस शिवाजीवर तयार होतात, आणि आता कुसगावची कॉलेजं आहेत. पण बंगलेवाल्याला शनिवार-रविवारी एका ग्रुपकडून जे मिळतं, ते आपण महिनाभरात देऊ शकत नाही. माझ्या पहिल्या घरमालकांनी ऐन जुलैत "दोन आठवडे खोली रिकामी करा, पाहुणे आहेत" असं सांगितलं होतं. कागद काहीच नव्हता, फक्त तोंडी बोलणं.

म्हणून लक्षात ठेवा: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. भाड्याचा करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. 11 महिन्यांचा करार करा, डिपॉझिटचा आकडा त्यात लिहून घ्या, आणि "मधे खोली रिकामी करायला लागणार नाही" हे वाक्यही घाला.

पाऊस

पुण्यात वर्षाला 700-750 मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात 4000 च्या आसपास. म्हणजे काय, तर जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चपलांना बुरशी येते, पुस्तकांची पानं फुगतात. खोली बघताना "व्ह्यू" बघू नका, भिंतीला हात लावून ओल बघा. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारा. लाइट जाते, त्यामुळे सबमिशन शेवटच्या रात्रीवर ठेवू नका.

शनिवार-रविवार

सोमवारी सकाळचं लोणावळा शांत, धुकं, रिकामी टपरी. खरंच प्रेमात पडाल. शनिवारी त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग. किराणा, झेरॉक्स, डॉक्टर ही कामं गुरुवारपर्यंत उरका. शनिवारी घरी जायचं असेल तर रस्ता विसरा, लोकल धरा.

पुणे-लोणावळा लोकल हा आपला खरा आधार. मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव या बाजूला राहिलात तर भाडं बहुतेक वेळा कमी पडतं आणि पर्यटकांची झळही कमी. फक्त दुपारी गाड्या विरळ असतात, तेव्हा लेक्चरच्या वेळा बघूनच घर ठरवा. कॉलेजचा दाखला दिला की पासात सवलत मिळते. मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत घर ते शाळा-कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत आहे.

आणि पाणी

हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण इथले झालो की वाटतं, आपल्याला सगळं माहितीये. 30 जून 2024 ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला, चौघं गेले. वर डोंगरात पाऊस झाला की खाली पाणी मिनिटांत चढतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं तरी. बाहेरगावचे मित्र आले की ते तुमच्यावर विसंबून पाण्यात उतरतात. "इथे नको" हे सांगायचं काम तुमचं.

तर मग घ्यावं का ॲडमिशन? कॉलेज आणि कोर्स चांगला असेल तर जरूर घ्या. गाव बघून मात्र घेऊ नका. ज्या गावाला लोक दोन दिवसांसाठी येतात, तिथे उरलेले पाच दिवस आपले असतात. अभ्यास, मैत्री, राजमाचीची वाट, सगळं त्या पाच दिवसांत बसतं.

खोली शोधताना काही अडलं तर प्रश्न पाठवा, पुढच्या भागात बोलू. तोवर छत्री जवळ ठेवा!