संकटकाळी नाटक कशाला?

घरात आजारपण असले, बाजारात महागाई असली किंवा देशावर एखादे अरिष्ट कोसळले, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, “ही काय नाटके पाहण्याची वेळ आहे?” हा प्रश्न वरवर पाहता रास्तच वाटतो. शेजारच्या घरात दुःख असताना आपण नाट्यगृहात बसून पोट धरधरून हसावे, हे सहृदय मनाला बोचते. तेव्हा या प्रश्नाला बगल न देता त्याचा नीट विचार करणे अगत्याचे आहे.

आपल्या पूर्वजांनी हा विचार केलेला होता. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याचे प्रयोजन सांगितले आहे. दुःखाने पीडलेल्या, श्रमाने थकलेल्या आणि शोकाने व्याकूळ झालेल्या माणसांना विसावा देणे, हे त्यांनी नाट्याचे एक कार्य मानले. म्हणजे नाटक ही केवळ सुखवस्तू माणसाची चैन नव्हे. ज्याला दुःख आहे त्याचाच त्यावर पहिला हक्क आहे. त्यांनी सांगितलेल्या आठ रसांत करुणाबरोबर हास्यालाही मानाचे स्थान आहे, हेही विसरता कामा नये.

हा विसावा मिळतो तरी कसा? तिसरी घंटा होते, प्रेक्षागृहातील दिवे मंदावतात आणि पडदा वर जातो. त्या क्षणापर्यंत तेथे बसलेला प्रत्येक जण आपापल्या विवंचनेत असतो. कोणाला मुलीच्या लग्नाची काळजी, तर कोणाला नोकरीची. मग विनोदी नट एखादे वाक्य टाकतो आणि एकदम हशा उसळतो. ज्या गोष्टीला आपण हसलो तिलाच शेजारचा अनोळखी माणूसही हसला, हे कळताच एकटेपणाची धार बोथट होते. संकटात माणसाला सर्वांत जास्त खुपते ते एकटेपण, आणि एकत्र हसण्याने ते घटकाभर तरी सरते.

चित्रपटातही विनोद असतो. पण पडद्यावरील नटाला आपला हशा ऐकू येत नाही. रंगभूमीवरील नटाला तो ऐकू येतो. हशा विरेपर्यंत तो थांबतो. फार थांबला तर रंग ओसरतो, आणि घाई केली तर पुढचे वाक्य हशात बुडून जाते. प्रेक्षकांची दाद पाहून तो आपला आवाज आणि चाल बदलतो. म्हणून एकाच नाटकाचे दोन प्रयोग सर्वस्वी सारखे कधीच होत नाहीत. ज्या प्रयोगाला आपण गेलो त्याच्या घडणीत आपलाही वाटा असतो. जिवंत रंगभूमीचा आनंद तो हाच.

आता हा आनंद देणाऱ्यांकडे वळू. ते स्वतः सुखात होते, म्हणून इतरांना हसवू शकले काय? राम गणेश गडकरी यांचेच उदाहरण घ्या. 1918 साली देशभर इन्फ्लुएंझाच्या साथीने हाहाकार माजवला होता. त्याच सुमारास क्षयाने खंगलेले गडकरी ‘भावबंधन’ हे नाटक लिहीत होते. 23 जानेवारी 1919 रोजी सावनेर येथे, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. आणि नाटकाचा शेवट त्यांनी मृत्यूपूर्वी थोडाच वेळ आधी पुरा केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या नाटकातील धुंडिराज आणि कामण्णा यांना पाहून पुढे प्रेक्षकांच्या पिढ्या हसल्या. फ्रान्समध्ये मोलिएरचेही असेच झाले. आजाराचे खूळ डोक्यात घेतलेल्या धडधाकट माणसाची भूमिका तो 1673 साली करीत होता. प्रत्यक्षात तो स्वतःच आजारी होता, आणि प्रयोग संपल्यावर काही तासांतच तो मरण पावला. आपल्या ‘संशयकल्लोळ’ नाटकाचे मूळ याच मोलिएरच्या एका प्रहसनापर्यंत पोचते.

व्यक्तीवर जसे संकट येते तसे सबंध रंगभूमीवरही येते. 1931 साली ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट आला आणि 1932 साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. प्रेक्षक तिकडे वळले, जगभर मंदी होती, आणि नाटकमंडळ्या एकामागून एक बसू लागल्या. अशा वेळी 1933 साली बालमोहन नाटक मंडळीने आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ रंगभूमीवर आणले. नमस्काराच्या व्यायामाचे वेड लागलेले रावबहादूर आणि त्यांच्याभोवती जमलेली, आपापल्या छंदापायी जगाला विसरलेली मंडळी पाहून लोक पुन्हा नाट्यगृहाकडे वळले. बुडत्या रंगभूमीला त्या काळी ज्यांनी हात दिला, त्यांत विनोदाचा वाटा मोठा होता.

परंतु यासाठी आपल्याला मुंबई-पुण्याकडेच पाहावयास हवे असे नाही. आपल्या हैदराबाद शहरात शेरिलिंगमपल्लीच्या परिसरात ‘सुरभी’ नाटकमंडळींची वसाहत आहे. त्यांची नाटके तेलुगू असतात. पण या कुटुंबांच्या घरात जी बोली चालते ती मराठीचीच एक शाखा, आरे मराठी. यांचे पूर्वज मराठी मुलुखातून दक्षिणेत आले आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करून पोट भरू लागले. 1885 साली कडप्पा जिल्ह्यातील सुरभी या गावी एका लग्नप्रसंगी वनारसा घराण्यातील मंडळींनी बाहुल्या बाजूस ठेवून स्वतःच ‘कीचकवध’ करून दाखविला. त्या गावाचे नाव मंडळीला मिळाले, आणि घराण्याच्या शाखांबरोबर मंडळ्याही वाढत गेल्या.

सुरभीचे वैशिष्ट्य असे की, येथे नाटक हाच संसार. आजोबा, सून, नातू सारे एकाच प्रयोगात उभे राहतात. मराठी संगीत नाटकात पुरुष स्त्रीभूमिका करीत होते त्या काळीही सुरभीच्या स्त्रिया रंगभूमीवर काम करीत. त्यांच्या ‘मायाबजार’मध्ये आपल्या ओळखीच्या वत्सलाहरणाचीच कथा आहे, मात्र तेलुगूत वत्सलेला शशिरेखा म्हणतात. वधूचे मायावी रूप घेतलेला घटोत्कच दुर्योधनपुत्र लक्ष्मणाची जी फजिती करतो, ती पाहून लहानथोर सारेच लोटपोट होतात. बाण हवेत एकमेकांवर आदळतात, ठिणग्या उडतात, पात्रे अंतराळातून येतात. आणि हे सारे दोऱ्या, तारा आणि पडद्यांमागील माणसांचे हात यांच्या बळावर घडते.

बोलपटांनी सुरभीलाही सोडले नाही. पहिला तेलुगू बोलपट ‘भक्त प्रह्लाद’ 1932 साली प्रदर्शित झाला. त्यातील नटी कमलाबाई याच सुरभीच्या घराण्यातली होती! मंडळ्यांची संख्या पुढे घटत जाऊन हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. तरीही 1937 साली स्थापन झालेल्या श्री वेंकटेश्वर नाट्यमंडळीसारख्या मंडळ्यांनी पडदा खाली येऊ दिला नाही. या मंडळीचे चालक नागेश्वरराव यांना 2013 साली पद्मश्री मिळाली.

त्यानंतरची मोठी आपत्ती तुमच्या-आमच्या आठवणीतली आहे. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे देशभर टाळेबंदी झाली आणि नाट्यगृहांना कुलपे लागली. ज्या घरातील सर्वांचीच उपजीविका रंगमंचावर आहे, तेथे प्रयोग थांबले की एका दिवसात साऱ्या घराची मिळकत थांबते. महाराष्ट्रात 5 नोव्हेंबर 2020 रोजी, म्हणजे मराठी रंगभूमीदिनी, निम्म्या आसनांची अट घालून नाट्यगृहे उघडण्यास परवानगी मिळाली. 2021 च्या वसंतात ती पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 रोजी पुन्हा उघडली. एक खुर्ची सोडून एक असे बसलेल्या, तोंडावर मुखपट्टी बांधलेल्या प्रेक्षकांसमोर नटांना विनोद करावा लागला. ओठ दिसत नव्हते. हशा मात्र ऐकू येत होता. तो ऐकण्यासाठी उभयपक्षी केवढी भूक लागली होती, हे त्या दिवसांत सर्वांना कळले.

नाटकाने रोग बरा होत नाही, की रिकाम्या कणगीत धान्य पडत नाही. ते काम वैद्याचे, शेतकऱ्याचे आणि राज्यकर्त्याचे आहे. शिवाय कोणत्या गोष्टीला हसावे याचाही विवेक हवा. संकटात सापडलेल्या माणसाला हसणे हा विनोद नव्हे, ती निर्दयता होय. चांगला विनोद हसतो तो दंभाला, हट्टाला, खुळाला, आणि मुख्य म्हणजे आपल्या स्वतःलाच. असे हसून घरी परतलेला माणूस दुःख विसरलेला नसतो. ते उचलण्याचे बळ घेऊन तो परतलेला असतो.

विद्यार्थी मित्रहो, पुढील स्नेहसंमेलनात तुमच्यापैकी कोणी रंगमंचावर उभे राहील, कोणी पडद्याची दोरी ओढील, तर पुष्कळ जण समोर बसतील. यांतील कोणतेही काम हलके मानू नका. शक्य झाले तर आईवडिलांसह एकदा सुरभीचा प्रयोग पाहून या. भाषा तेलुगू असली तरी वत्सलेची कथा तुम्हांला परकी वाटणार नाही. आणि घरी कोणी विचारलेच, “ही काय नाटके पाहण्याची वेळ आहे?” तर नम्रपणे सांगा, “होय; आणि तुम्हीही आमच्याबरोबर चला.”