रोजचं विमान

22 एप्रिल 2024, सोमवार. हिंगोलीत निवडणुकीचं प्रशिक्षण चालू होतं. आमच्या मतदारसंघाचं मतदान चार दिवसांवर, 26 तारखेला होतं आणि आम्ही शिक्षक मंडळी मतदानयंत्राची जोडणी पुन्हा एकदा शिकत होतो. त्याच सकाळी मुंबईहून एअर इंडियाचं शेवटचं बोइंग 747 उडालं. चहाच्या सुट्टीत मी ते मोबाइलवर पाहिलं. धावपट्टी सोडल्यावर विमानाने आधी एक पंख कलता केला, मग दुसरा. वैमानिक असा निरोप घेतात. ‘आग्रा’ नावाचं ते विमान अमेरिकेत प्लेनफिल्डला निघालं होतं. तिथे त्याचे सुटे भाग काढले जाणार होते.

या विमानासाठी मी किती मे महिने मुंबईत घालवले! आणि त्याच्या शेवटच्या दिवशी मी साडेपाचशे किलोमीटरांवर एका सभागृहात बसलो होतो. त्या दिवशी फार वाईट वाटलं. आता मागे वळून पाहताना मात्र त्या दिवसाचा फोटो माझ्याकडे नाही, याची खंत उरलेली नाही. असं का झालं, ते सांगायचं तर सुरुवात रेल्वेपासून करावी लागेल.

आमच्या हिंगोलीवरून पूर्वी मीटरगेज गाडी जायची. पूर्णा, वसमत, हिंगोली, वाशीम, अकोला आणि पुढे खंडवा. जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्सप्रेस याच लाइनवर धावायची. रुंदीकरण व्हावं म्हणून गावोगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं मागणी केली होती. 2008 मध्ये पूर्णा ते अकोला ब्रॉडगेज झालं तेव्हा सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. पुढे एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “सर, जुनी गाडी कशी होती?” मी घरातले सगळे अल्बम काढले. बारशाचे, लग्नांचे, सहलींचे फोटो होते. गाडीचा एकही नव्हता. शेवटी एक सापडला. लग्नाहून परतताना फलाटावर उभे असलेले काका, आणि त्यांच्या खांद्यामागे डब्याच्या दाराची उभी दांडी, तिच्यामागे वीतभर पत्रा. ज्या गाडीने आमचं अर्धं गाव शिकायला, दवाखान्याला, सासरी-माहेरी गेलं, ती माझ्या घरात एवढीच उरली होती. गाडी रोजचीच, तिचा फोटो कशाला काढायचा, असंच सगळ्यांना वाटत आलं होतं.

त्यानंतर मी कॅमेरा घेतला. विमानांकडे वळलो ते आमच्या आभाळामुळे. दिल्ली आणि हिंगोली जवळपास एकाच रेखांशावर आहेत. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारी विमानं आमच्या डोक्यावरून पांढरी रेघ ओढत जातात. लहानपणी शेतात “इमान, इमान” म्हणून ओरडत आम्ही त्या रेघेखाली पळायचो. हिंगोली जिल्ह्यात विमानतळ नाही. आमचा विमानतळ नांदेडचा. 2008 च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने तो वाढवला गेला. पण मोठी विमानं पाहायची तर मुंबई गाठायला हवी. बहीण घाटकोपरला राहते, त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मुक्काम तिथेच.

तिथेच मला जरीमरी कळली. कुर्ल्याच्या बाजूला मुख्य धावपट्टीच्या पूर्व टोकाला खेटून असलेली ही वस्ती. विमानं उतरताना इथल्या छपरांजवळून इतकी खालून जातात की चाकं आधी दिसतात आणि आवाज नंतर छातीत भरतो. ज्यांच्या गच्चीवर मी उभा राहायचो, त्या काकू कपडे वाळत घालता घालता म्हणायच्या, “दादा, रोजच तर जातंय. काय काढता एवढं?” गच्चीवरची पोरं मात्र नुसत्या आवाजावरून विमान ओळखायची. सकाळी आठपर्यंतचं ऊन चांगलं. दहानंतर तापलेल्या डांबरावरून वाफ उठते आणि विमान पाण्यातून पाहिल्यासारखं हलतं. हे मला त्या पोरांनीच शिकवलं.

काय पाहायचं, तेही हळूहळू समजत गेलं. सुरुवातीला मी फक्त रंग बघायचो, नंतर चाकं बघू लागलो. इंडियन एअरलाइन्सने 1989 पासून एअरबस ए320 विमानं आणली. इतर देशांत या विमानाच्या पंखाखाली प्रत्येक बाजूला दोन चाकं असतात. आपल्या जुन्या ए320 ना चार-चार होती. आपल्याकडच्या कमकुवत धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून ती खास बसवून घेतलेली होती. आपल्या मातीचा हिशेब त्या चाकांत होता. 2010 च्या दशकात ही विमानं एकेक करून निघून गेली. त्यांची बातमी झाली नाही की निरोपाचा कार्यक्रम झाला नाही. माझ्याकडे त्या चार चाकांचे अकरा फोटो आहेत.

आणि अर्थात 747. लांबी सत्तर मीटर, शेपटी सहा मजली इमारतीएवढी उंच, चार इंजिनं, अठरा चाकं. एअर इंडियाचं पहिलं 747, ‘एम्परर अशोक’, 1971 मध्ये मुंबईत उतरलं तेव्हा त्याच्या सोबतीला हवाई दलाची मिग-21 विमानं होती. खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवलेले असायचे, जणू एखादा महाल आभाळात चाललाय. हेच ‘एम्परर अशोक’ 1 जानेवारी 1978 ला वांद्र्याजवळच्या समुद्रात कोसळलं आणि 213 माणसं गेली. 1985 मध्ये आणखी एक 747, ‘कनिष्क’, बॉम्बस्फोटात गेलं, 329 माणसांसह. या विमानांचा शेवटचा दिवस कुणालाच आधी कळला नव्हता. त्यांचे जे फोटो आज आपण पाहतो, ते सगळे कुणीतरी एखाद्या साध्या दिवशी काढलेले आहेत.

असं पुन्हा पुन्हा घडताना मी पाहिलं. 17 एप्रिल 2019 च्या रात्री जेट एअरवेजचं अमृतसर-मुंबई विमान उडालं आणि कंपनीची उड्डाणं थांबली. त्या सकाळपर्यंत मुंबईच्या आभाळात निळी-पिवळी शेपटी अगदी नेहमीची होती. नांदेडलाही तेच झालं. 27 एप्रिल 2017 ला ‘उडान’ योजनेत नांदेड-हैदराबाद सेवा सुरू झाली. पंतप्रधानांनी शिमल्याहून तिला झेंडा दाखवला. ट्रूजेटचं ते पंख्याचं एटीआर विमान मी विमानतळाच्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावरून टिपलं. पहिला फोटो फसला. कॅमेऱ्याचा वेग जास्त ठेवल्यामुळे पंख्याची सहाही पाती थिजल्यासारखी आली, विमान आभाळात टांगल्यासारखं दिसलं. पुढच्या खेपेला वेग कमी केला, श्वास रोखला, आणि पात्यांची धुरकट चकती आली. 2022 मध्ये ट्रूजेट बंद पडली. तिची शेवटची फेरी कोणती, हे त्यात बसलेल्यांनाही ठाऊक नसेल.

2020 मध्ये आभाळातल्या रेघाच पुसल्या गेल्या. कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात हिंगोलीच्या आभाळात दिवस दिवस काही दिसत नव्हतं. जगभरच्या अनेक कंपन्यांनी त्याच वर्षी आपली 747 विमानं काढून टाकली. चार इंजिनांचं इंधन परवडेना, दोन इंजिनांची नवी विमानं तितक्याच लांब जात होती. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासच्या शेवटच्या 747 ने जुलैमध्ये जाताना आपल्या वाटेने आभाळात कांगारूची आकृती काढली. बोइंगने शेवटचं, 1574 वं 747 जानेवारी 2023 मध्ये ग्राहकाच्या हाती दिलं.

प्रशिक्षणाच्या त्या संध्याकाळी घरी येऊन मी जुन्या हार्ड डिस्क लावल्या. मे 2018 च्या फोल्डरमध्ये ‘आग्रा’ सापडलं. शेपटीकडची अक्षरं मोठी करून वाचली : व्हीटी-ईव्हीए. तेच. उतरायच्या बेतात असलेलं, चाकं खाली सोडलेली. पोटाखाली तेलाचे ओघळ मागे वाहत गेलेले. एका दाराभोवतीचा रंग हात लागून लागून उडालेला. लाल झरोके उन्हाने फिके पडलेले. आणि फोटोच्या खालच्या कडेला, माझ्या चुकीने आलेली, काकूंची वाळत घातलेली हिरवी साडी.

निरोपाच्या फोटोत निरोप दिसतो. धुतलेलं विमान, टाळ्या, उंचावलेले मोबाइल. या फोटोत ते कामावर होतं. आत शेकडो माणसं पट्टा बांधून बसलेली, कुणी आखातातून दोन वर्षांनी घरी येणारं, कुणी पहिल्यांदाच उडालेलं. त्या मुलीने जुन्या गाडीबद्दल विचारलं होतं तेव्हा तिला हेच हवं होतं : गाडी रोज कशी यायची. तिची शेवटची फेरी कशी झाली, हे तिने विचारलं नव्हतं. आता कुणी विमानाबद्दल विचारलं, तर माझ्याकडे उत्तर आहे.

मतदान पार पडलं. सुट्टी लागली. मे महिन्यातल्या एका सकाळी मी कॅमेरा घेऊन हिंगोली स्टेशनवर गेलो. अकोल्याकडची पॅसेंजर फलाटाला लागली होती. पेरूंची टोपली घेतलेला विक्रेता माझ्याकडे बघत थांबला.

“गुर्जी, ही गाडी बंद व्हनार हाय का?”

“नाही. चालू आहे, म्हणूनच काढतोय.”

त्याने क्षणभर विचार केला. टोपली नीट धरली आणि डब्याच्या दारात, दांडीला हात लावून उभा राहिला.

“मग माझा बी घ्या.”