किडा लपतो, खूण दिसते

आपल्या घरात काही पाहुणे न बोलावता येतात. ते बहुधा लपून राहतात. पण मागे खुणा सोडतात. या खुणा वेळीच ओळखल्या, तर मोठे नुकसान टळते.

सर्वांत जास्त नुकसान वाळवी करते. उर्दूत आपण तिला दीमक म्हणतो. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती जमिनीतून लाकडापर्यंत मातीचा बारीक बोगदा बांधते. भिंतीवर किंवा चौकटीवर पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ दिसली, की वाळवी आली असे समजावे. ती लाकूड आतून खाते. वरून चौकट धडधाकट दिसते. बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर आतले लाकूड खाल्ले गेले आहे. भिंतीला टेकवलेल्या पेटीतील पुस्तके, जन्मदाखले व गुणपत्रिकाही ती फस्त करते. नुसती रेघ पुसून वाळवी जात नाही, कारण तिचे घर जमिनीत असते.

स्वयंपाकघराच्या कपाटात चहाच्या भुकटीसारखे काळे कण दिसले, तर ती झुरळांची विष्ठा असू शकते. कोपऱ्यात घेवड्याच्या बीसारखी छोटी तपकिरी कुपी सापडली, तर ती चिरडून टाका. एका कुपीत अनेक अंडी असतात. झुरळे गटारातून येऊन उघड्या अन्नावर फिरतात व रोगजंतू पसरवतात.

ढेकूण म्हणजे खटमल. गादीच्या शिवणीत काळे ठिपके आणि चादरीवर रक्ताचे बारीक डाग, या त्याच्या खुणा होत.

तांदूळ किंवा गव्हाच्या दाण्याला भोक आणि डब्याच्या तळाशी पीठ दिसले, तर सोंडे झाले, असे जाणावे. मादी दाण्याच्या आत अंडे घालते आणि अळी आतच वाढते. म्हणून किडा दिसतो, तेव्हा दाणा पोखरून झालेला असतो.

मग काय करावे? धान्य कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. गळका नळ दुरुस्त करावा. पेटी भिंतीपासून दूर, विटांवर ठेवावी. रात्री उष्टी भांडी ठेवू नयेत. धान्यावर कीटकनाशक कधीही फवारू नये.

मुलांनो, आज घरी गेल्यावर पुस्तकांची पेटी उघडून पाहाल ना?

शब्दार्थ : फस्त करणे – खाऊन संपवणे, विष्ठा – मल, पोखरणे – आतून पोकळ करणे.

स्वाध्याय
१. वाळवी मातीचा बोगदा का बांधते?
२. धान्यातील किडा उशिरा का दिसतो?
३. तुमच्या घरात आढळलेल्या एका खुणेविषयी पाच वाक्ये लिहा.