हरलात? मग चेंडू द्या!

बेसबॉलच्या बाळपणी ना चषक होता, ना ढाल. 1850-60 च्या दशकांत न्यूयॉर्क-ब्रुकलिनच्या क्लबांत एकच रिवाज होता. सामना हरला की चेंडू जिंकणाऱ्यांच्या हवाली करायचा. ते त्याला सोनेरी रंग फासायचे, त्यावर तारीख, क्लबांची नावं आणि धावसंख्या लिहून क्लबच्या कपाटात ऐटीत मांडायचे. हरलेल्यांनी पुढच्या खेपेस ते कपाट बघून जळायचं!

जुन्या ट्रॉफ्या जमवणाऱ्यांचा जीव आजही या चेंडूंतच अडकतो. कातड्याच्या एकाच तुकड्याच्या चार पाकळ्या करून शिवलेला चेंडू असेल तर विचारूच नका. शिवाय तारीख आणि धावसंख्या असली की जुनी वर्तमानपत्रं काढून सामना पडताळता येतो. चांदीच्या कपांना ही मजा नाही.

आता थोडा अतिरेक. 1869 मध्ये सिनसिनाटीचा रेड स्टॉकिंग्ज संघ पूर्वेकडचा दौरा गाजवून घरी परतला, तेव्हा गावच्या लाकूड कंपनीने त्याला बॅट भेट दिली. लांबी 27 फूट! कपाटाचा प्रश्नच मिटला.

1887 मध्ये हेलन डॉव्रे या अभिनेत्रीने विजेत्यांसाठी चांदीचा चषक ठेवला. तो डेट्रॉइटने पटकावला. न्यूयॉर्कचा खेळाडू जॉन माँटगोमेरी वॉर्डने मात्र त्याच ऑक्टोबरात चषक देणारीशीच लग्न केलं. जास्त कोणी जिंकलं, तुम्हीच ठरवा. 1893 नंतर तो चषक गायब झाला, तो आजतागायत सापडलेला नाही.

मग आला टेंपल कप. साखळीतला पहिला आणि दुसरा संघ त्यासाठी भिडायचे. चारपैकी तीनदा दुसराच जिंकला! 1897 नंतर स्पर्धाच गुंडाळली. 1900 साली पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्राने कप दिला. तो ब्रुकलिनने जिंकला आणि खेळाडूंनी आपला गोलंदाज जो मॅकगिनिटीला देऊन टाकला.

1910 मध्ये सर्वोत्तम फलंदाजाला मोटार मिळणार होती. शर्यतीत पुढे असलेला टाय कॉब कुणालाच आवडत नसे, म्हणून शेवटच्या दिवशी समोरच्या संघाने क्षेत्ररक्षण ढिलं सोडून कॉबचा प्रतिस्पर्धी नॅप लाजोईला एका दिवसात 8 हिट्स काढू दिल्या. बभ्रा झाला. अखेर मोटारी बनवणाऱ्या चामर्स कंपनीने दोघांनाही मोटार देऊन वाद मिटवला.

हौशी मंडळींनो, जरा जपून. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या बेसबॉल संग्रहालयातही 1919 चा म्हणून आलेला ‘शूलेस’ जो जॅक्सन या खेळाडूचा शर्ट तपासणीत खोटा निघाला. त्यावरचा रंग त्या काळी अस्तित्वातच नव्हता.

टेंपल कप मात्र अस्सल आहे आणि तिथेच आहे. न्यू जर्सीला लेकीकडे गेलात, तर नायगारा बघायला जाताना थोडी वाकडी वाट करा.