मोटारीचा पिवळा दिवा

निपाणीहून संकेश्वरकडे जाताना तवंदीच्या घाटात जुन्या डिझेल मोटारीचा जोर एकाएकी ओसरावा, समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागावा, गॅरेजात स्कॅनर लावून कोणी तो विझवून द्यावा आणि आठ दिवसांत त्याच चढावर तो पुन्हा उजळावा, हा प्रकार ह्या भागातील अनेक मोटारमालकांच्या परिचयाचा आहे. दिवा विझला, पण दोष गेला नाही. मग एक सेन्सर बदलावा, नंतर दुसरा बदलावा, आणि काही हजारांचा चुराडा झाल्यावर मोटारच विकून टाकावी, असे मनात येऊ लागते. हा दिवा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, एवढेच आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

श्रोतेहो, बेळगाव-निपाणीच्या माणसाला यंत्र काही परके नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावातच. पुढे वेदगंगा, दूधगंगा आणि हिरण्यकेशी ह्या नद्यांच्या काठी डिझेल इंजिने पाणी उपसू लागली आणि त्यांच्याबरोबर जाणत्या मिस्त्रींची एक पिढी तयार झाली. इंजिनाच्या ठोक्यावरून आणि धुराच्या रंगावरून ते रोग ओळखीत. धूर काळा असेल तर हवा कमी किंवा इंधन जास्त, निळसर असेल तर वंगणतेल जळते आहे, पांढरा असेल तर इंधन न जळताच बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरले आहे, अशी त्यांची साधी पण पक्की परीक्षा असे.

त्यानंतर डिझेल इंजिनात मोठे परिवर्तन घडले. अतिशय उच्च दाबाखाली इंधन साठवून ते विजेच्या इशाऱ्याने फवारणारी ‘कॉमन रेल’ पद्धती १९९७ साली प्रवासी मोटारींत आली. ह्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो. त्यामुळे इंजिन चालू असताना त्यांना हात लावणे प्राणावर बेतू शकते. ह्या फवाऱ्यावर संगणक नियंत्रण ठेवतो. सेन्सरांकडून येणाऱ्या वार्तांत त्याला विसंगती आढळली, की तो एक सांकेतिक क्रमांक नोंदवून ठेवतो. गॅरेजात त्याला नुसते ‘कोड’ म्हणतात.

ह्या कोडाची रचना समजण्यास सोपी आहे. आरंभी ‘पी’ हे अक्षर असेल, तर दोष इंजिन किंवा गिअरबॉक्स ह्यांच्या कक्षेतील आहे. पुढे शून्य असेल, तर तो क्रमांक सर्व कंपन्यांना समान आहे. एक असेल, तर तो त्या कंपनीचा स्वतःचा आहे. त्यानंतरचा अंक दोषाचे खाते सांगतो आणि शेवटचे दोन अंक विशिष्ट तक्रार सांगतात. उदाहरणार्थ, पी ०४०१ म्हणजे ई. जी. आर. मधून वायूचा प्रवाह अपुरा आहे आणि पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे. लक्षात घ्यावयाचे ते हे, की ह्यांपैकी एकाही क्रमांकात बिघडलेल्या भागाचे नाव नाही. कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे.

ह्याचे कारण असे, की संगणक बहुतेक गोष्टी प्रत्यक्ष पाहत नाही. तो अनुमान करतो. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, हे तर्कशास्त्रातील जुने उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. परंतु धूर म्हणून जे दिसले ते पावसाळ्यातील धुके असेल, तर अनुमान फसते. ई. जी. आर. व्हॉल्व्हची गोष्ट अशीच आहे. ज्वलनाचे तापमान खाली यावे आणि नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड कमी व्हावेत, म्हणून हा व्हॉल्व्ह धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतो. तो उघडला, की तेवढ्या प्रमाणात बाहेरची ताजी हवा कमी आत आली पाहिजे. हवा मोजणाऱ्या सेन्सरने ही घट दाखविली नाही, तर व्हॉल्व्हमधून वायू येत नसावा, असे संगणक ठरवितो आणि पी ०४०१ नोंदवितो.

आता ही घट न दिसण्याची कारणे किती असू शकतात, ते पाहा. व्हॉल्व्ह काजळीने चिकटला असेल. व्हॉल्व्ह ठीक असून पुढची वाट काजळीने आणि तेलाच्या वाफेने चोंदली असेल. व्हॉल्व्ह उघडणारी निर्वाताची रबरी नळी तडकली असेल. हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल. किंवा मोजलेली हवा वाटेतल्या एखाद्या फटीतून बाहेर निसटत असेल. कारणे पाच आणि कोड एकच! नवा व्हॉल्व्ह बसविला आणि दोष नळीत असला, तर दिवा पुन्हा लागणारच. शहरातल्या शहरात, खडेबाजारासारख्या गर्दीत, इंजिन पुरते तापण्याच्या आतच थांबणाऱ्या मोटारींत ही काजळी अधिक साचते, हेही ध्यानात ठेवावे.

मग घाटातच दिवा का लागतो? सपाटीवर टर्बोला फारसा दाब निर्माण करावा लागत नाही, तेव्हा रबरी पाइपातील चीर मिटलेली राहते. चढावर दाब वाढला, की ती उघडते, हवा निसटते आणि संगणक इंजिनाचे रक्षण व्हावे म्हणून त्याची शक्ती आवरतो. गॅरेजच्या अंगणात तीच मोटार निर्दोष दिसते. म्हणून कोडाबरोबर नोंदलेली परिस्थिती वाचणे अगत्याचे आहे. दोष प्रकटला त्या क्षणी इंजिनाचे फेरे किती होते, भार किती होता, तापमान किती होते, हे संगणक जपून ठेवतो. मात्र कोड पुसला, की ही नोंदही त्याबरोबर पुसली जाते. तेव्हा मिस्त्रींना पहिली विनंती हीच करावी, की आधी सर्व लिहून घ्या, मग पुसा.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे असावा. प्रथम बॅटरी आणि तिची अर्थिंगची तार पाहावी. दुबळ्या बॅटरीमुळे असंबद्ध कोडांची रांग लागते. मग हवेचे पाइप आणि नळ्या पाहाव्यात. नंतर वायरी आणि त्यांचे जोड तपासावेत. बेळगावच्या पावसात जोडांना गंज चढतो आणि शेतालगत किंवा गोदामापाशी उभ्या मोटारीच्या वायरी उंदीर कुरतडतात. डिझेलच्या फिल्टरमध्ये साचलेले पाणी काढावे. त्यानंतर सेन्सर आणि व्हॉल्व्ह स्वच्छ करावेत. एवढ्याने भागले नाही, तरच नवा भाग घ्यावा. शेवटी त्याच चढावर, तेवढ्याच भाराने मोटार चालवून खात्री करून घ्यावी.

कोल्हापूर किंवा बेळगावच्या बाजारात जुनी मोटार घेणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. विक्रीपूर्वी कोड पुसून दिवा विझविणे सहज शक्य असते. परंतु कोड पुसल्यावर संगणकाच्या स्वयंतपासण्याही ‘अपूर्ण’ दिसू लागतात आणि बऱ्याच फेऱ्या झाल्यावरच त्या पूर्ण होतात. स्कॅनरवर अनेक तपासण्या अपूर्ण दिसल्या, तर पाटी नुकतीच पुसली गेली असावी, असे समजून सावध राहावे.

काही जण ई. जी. आर. ची वाट पत्रा लावून बंद करतात किंवा संगणकातील तो कोडच उडवून देतात. ह्याने दिवा विझतो, पण जो विषारी वायू आवरण्यासाठी ती योजना केली, तो आपल्याच मुलाबाळांच्या श्वासात जातो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ ह्यातील कलम ५२ अन्वये मूळ रचनेत असे मनमानी फेरफार करण्यास मोकळीक नाही.

१ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ ची मानके देशभर लागू झाली आणि मारुतीने त्याच सुमारास डिझेल मोटारी बनविणे थांबविले. साहजिकच हातातील जुनी डिझेल मोटार जपण्याचा विचार अनेक कुटुंबे करतात. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. अशा मोटारीचा दोष तडकलेल्या नळीत आहे, की झिजलेल्या इंजिनात, ह्यावर ती ठेवावी की काढावी हे अवलंबून आहे. तो निर्णय पिवळ्या दिव्याच्या धाकाने घेऊ नये. यंत्राने नोंदविलेला कोड वाचावा आणि मिस्त्रीच्या डोळ्यांनी, कानांनी आणि हातांनी त्याची शहानिशा करून घ्यावी. जुनी विद्या आणि नवे साधन ह्यांची अशी सांगड पडली, तर पुष्कळ मोटारी भंगारात जाण्यावाचून वाचतील.